सांगाड्याच्या पाठीमागे

आमच्या वहिनींनी अर्धं आयुष्य लोकांच्या पाठीमागे उभं राहून काढलं. पार्लरमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत, समोर आरसा, आणि या मागे कात्री घेऊन. केस कापता कापता अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला. कात्री धरली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेवटी पार्लर सुटलं. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्याकडे बघायच्या. मी त्यांची नणंद, तोंडाने फटकळ, पण ते मला बघवायचं नाही.

अंगठ्यावर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीच सुचवलं, "आमच्या केंद्रात मदतनीस हवी आहे. पेशंटला चालवायचं, व्यायाम करून घ्यायचे. कोर्स करा, तोंडी परीक्षा पास व्हा, नोकरी तुमची." त्या दिवशी वहिनी कितीतरी महिन्यांनी गुणगुणल्या.

मग काय, घरात नुसता धुमाकूळ! सांगाडा कुठून आणायचा? मी होतेच की! "वन्सं, हलू नका," म्हणत त्या माझ्या अंगावर बोट ठेवून घोकायच्या. अँटिरियर म्हणजे पुढचं, पोस्टिरियर पाठीकडचं. प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचं, डिस्टल लांबचं. म्हणून मनगट कोपराच्या डिस्टल. गुडघा बिजागरीचा सांधा, दारासारखी उघडमीट. खांदा उखळीचा, चहूकडे फिरतो. सगळं तोंडपाठ! पण डावा गुडघा दाखवा म्हटलं की बोट हमखास उजव्यावर.

"अहो वहिनी, पेशंटचा डावा! तुमच्या डाव्या हाताकडचा नव्हे!"

"कळतंय हो. पण तुम्ही समोर उभ्या राहिलात की सगळं उलटंपालटं होतं."

मी कपाळाला हात लावला. परीक्षेत बाजू चुकली की सरळ नापास. बरोबरच आहे, उद्या भलताच गुडघा वाकवला तर?

परीक्षेला मी सोबत गेले. दार सताड उघडं, मी बाहेर बाकावर. आत स्टँडला टांगलेला सांगाडा आणि शेजारी केंद्राचे मोठे डॉक्टर. त्यांनी पहिलंच विचारलं, "उजवा खांदा दाखवा."

वहिनींचा हात निघाला आणि हवेतच थांबला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता पुन्हा ती गॅलरी!

"सर, मी याच्या मागे जाऊ का?"

"जा की. त्याची काही हरकत नसावी."

वहिनी मागे गेल्या. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, डोकं हलकेच सरळ केलं. मला वाटलं, आता विचारतात, किती कापू? पण नाही. उजवा खांदा, उखळीचा. डावं कोपर, बिजागरीचं. डावा घोटा, गुडघ्याच्या डिस्टल. हात एकदाही अडखळला नाही.

"आणि पेशंट समोर बसला असेल तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी मनानं त्याच्या मागे जाऊन उभी राहीन. मगच हात लावीन."

डॉक्टर हसले. "शेवटचं. खोगिराच्या आकाराचा सांधा कुठे असतो?"

वहिनींनी सांगाड्याला सोडलं आणि स्वतःचा अंगठा वर केला. "हा बघा. यानंच मला घरी बसवलं होतं."

"सोमवारपासून या," डॉक्टर म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला, आणि मेलं रडूच फुटलं. डोळे पुसायला दाराकडे पाठ केली, तर मागून दोन हात माझ्या खांद्यांवर आले.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "हलू नका."