ढवळ्याशेजारचा डोळा

लेथवरून उडालेला लोखंडाचा बारीक तुकडा आबांच्या उजव्या डोळ्यात पार आतल्या पडद्यापर्यंत घुसला, तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर. मशीनवर चष्मा न घालणं ही आमच्या वडिलांची मर्दुमकी. तुकडा निघाला, पण त्या डोळ्याची नजर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा डोळा लवकर काढून टाकू, नाहीतर दुसराही जाईल.

"आतला पडदा म्हणजे मेंदूचाच भाग. शरीरातल्या पहारेकऱ्यांनी तो कधी बघितलेला नसतो. जखमेमुळं उघडा पडला, की परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. आणि तसलाच पडदा डाव्या डोळ्यात आहे."

ते सगळं आमच्या डोक्यावरून गेलं. म्हणून बाईंनी सोपं करून सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तसं."

घरी येऊन आबा म्हणाले, "मग शेजारच तोडू की! डोळा कशाला काढायचा?"

डोळे आलेल्या माणसाकडं बघितलं की आपलेही येतात, ही आमच्या गल्लीची पक्की समजूत. चांगल्या डोळ्याला वाईट डोळा दिसणार तो फक्त आरशात. आईनं घरातले आरसे उतरवले, आबांनी उजव्या डोळ्यावर काळं फडकं बांधलं. झाला इलाज!

"आबा, हे आतनं होतं, रक्तातनं!" मी ओरडले.

"तू गप. आमास्नी शिकवू नगंस."

मला भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. रोज सकाळी मी पेपर धरून त्यांना मोठा मथळा वाचायला लावायची. एक दिवस ते म्हणाले, "दार लाव गं, ऊन खुपाय लागलंय." डावा डोळा लालभडक झाला होता. मी पेपर पुढं धरला. त्यांनी घडाघडा वाचला, पण कालचा मथळा.

रिक्षानं दवाखाना गाठला. आता नुसता डोळा काढून भागणार नव्हतं. "पहारेकऱ्यांनाच औषधानं झोपवायचं," बाई म्हणाल्या. "नजर वाचेलच असं सांगत नाही."

इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. त्या औषधांनी आबांचं तोंड सुजलं. शेवटी बाईंनी मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि बोलू नको म्हणून स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं.

"समोर कोण आहे?"

आबांनी डावा डोळा बारीक करून मान पुढं काढली. मी हूं की चूं केलं नाही.

"लेक हाय माझी," ते म्हणाले. "रडाय लागलीया."