मांजरं मोजायला मला धाडलं

"जा, बघून ये. किती मांजरं पडली, किती कुत्री. बराबर मोज."

डॉक्टरसाहेब असं म्हणले आन् बंगल्याच्या ओसरीवरचे पाव्हणे हसायला लागले. मी भर पावसात अंगणात उतरले. लुगडं अंगाला चिकटलं. वर ते चहा पिऊन राह्यले होते. खाली मी भिजून राह्यले होते. वर ये, असं कुणी म्हणलं न्हाई.

जालन्याच्या एका दवाखान्यात मी नर्सचं काम शिकत होते. निजामाचं राज्य. आष्टीकडच्या एका खेड्यातल्या म्हारवाड्यातनं मी आल्ते. दवाखाना गोऱ्या मडमचा, पण हुकूम चालायचा डॉक्टरसाहेबांचा. वरच्या जातीचे, हैदराबादेत शिकलेले. माझी चूक एवढीच. त्या दिवशी सकाळी मडम खिडकीतनं बघून म्हणल्या, "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज." मला कॅट कळलं, डॉग कळलं. वाटलं, वॉर्डात जनावरं घुसली. झाडू घेऊन पळाले. लई जोराचा पाऊस आला की इंग्रजीत असं म्हणतात, हे मला कोण सांगणार?

तवापासनं माझा तमाशाच झाला. पाव्हणे आले की मला बोलावणं. डॉक्टरसाहेब इंग्रजीतलं ऊन-पाऊस-वाऱ्याचं एखादं बोलणं टाकायचे आन् म्हणायचे, "सांग अर्थ." मी शब्द धरून सांगायचे. समदे हसायचे.

"ह्यांच्या डोक्यात इंग्रजी कुठून शिरणार?" ते म्हणायचे. 'ह्यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते तिथल्या खुर्च्यांनाबी ठाव होतं.

मंग एका दुपारी वॉर्डातल्या गंगू नावाच्या बाळंतिणीचं रक्त थांबेना. ताप फणफणलेला. डोळे फिरवायला लागली. मी बंगल्यावर पळाले. तिथं पाव्हणे बसलेले, मडमबी होत्या. मडमनी विचारलं, काय झालं? मी गंगूचं नाव घेतलं, तोवर डॉक्टरसाहेबच बोलले, "सकाळी पाहिलंय मी तिला. जस्ट अ लिटल अंडर द वेदर."

आन् माझ्याकडं वळून हसले. "सांग गं, अंडर द वेदर म्हणजे काय? हवेच्या खाली?"

पाव्हणे वाट बघून राह्यले.

वॉर्डात मडमच्या तोंडून ऐकून ऐकून मला ते समजलं होतं. जरा बरं न्हाई, असं. जरा! तिकडं गंगूच्या खाटेखाली रक्त साचलेलं.

"सांगत न्हाई," मी म्हणले.

हसणं थांबलं.

"काय म्हणलीस?"

"सांगत न्हाई. बाळंतीण मरून राह्यली. उठा."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आता उठा जल्दी."

ते उठले न्हाईत. मडम उठल्या. मराठी त्यांना थोडीशीच यायची, पण 'मरून' कळलं असंल. पळतच आल्या माझ्यामागं.

गंगू वाचली. चार दिवस तिला धड बोलता येत नव्हतं, पण वाचली.

मडमनी मला बाजूला घेऊन मोडक्या मराठीत सांगितलं, "डॉक्टरांची माफी माग. तुझी जागा राहील."

मी विचारलं, "कशाची माफी?"

मी लुगडी पेटीत भरली.

पेटी उचलून फाटकाबाहेर पडले. घरी काय सांगायचं, ठाव नव्हतं. पण एक पक्कं झाल्तं. इंग्रजी मी शिकणार. दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात, पुन्हा पहिल्यापासनं. चुका होतील. होऊ द्या. पण कुणाच्या करमणुकीसाठी आता उभी राहणार न्हाई, आन् माणूस मरून राह्यलं असंल तर कुणाचं हसणं संपायची वाट बघणार न्हाई.

बिलकुल न्हाई.