सुदेशच्या कानातले खडे

विठ्ठलवाडीच्या सुदेशने कधी दारूला हात लावला नव्हता. बाप दारूनेच गेलेला. बाळकुमच्या एका साईटवर तो टॉवर क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये सुदेश, खाली वॉकीटॉकीवर सिग्नल देणारा बंटी. आठ वर्षांची जोडी.

मार्चमधल्या एका सकाळी सळ्यांचा भारा हवेत असताना सुदेशने वाकून खाली पाहिलं आणि अख्खं बाळकुम गरगर फिरायला लागलं. त्याने आधी ब्रेक लावला, मग डोळे मिटले. फिरणं थांबल्यावर माल सावकाश टेकवला, शिडी घट्ट धरून उतरला आणि खाली येताच भडाभडा ओकला.

"पिऊन आलायस!" सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला. "गेटपास दे आणि चालता हो."

सुदेशने बंटीकडे पाहिलं. बंटी हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिला.

कल्याणला कानाच्या डॉक्टर जागृतींनी त्याला आडवं करून मान एका बाजूला वळवली. पुन्हा तीच गरगर.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "कानात आत बारीक खडे असतात. वर कुठे, खाली कुठे, ते त्यांच्या वजनामुळे कळतं. तुमचे काही खडे सुटून भलत्याच नळीत शिरलेत. डोळे एक सांगतात, कान दुसरंच. अंतराळवीरांचे खडे जागेवरच असतात, पण तिकडे वजनच जाणवत नाही, म्हणून त्यांच्याही कानाचा निरोप चुकतो. कित्येक जण पहिले दोन-तीन दिवस ओकत असतात."

"त्यांना विचारतं का कोणी, प्यायलात का म्हणून?"

डॉक्टरांनी त्याची मान हळूहळू वळवत खडे जागेवर आणले आणि महिनाभर क्रेनवर चढायचं नाही, असं बजावलं.

महिन्याने सुदेश त्यांची चिठ्ठी घेऊन साईटवर गेला.

"उद्यापासून ये," सुपरवायझर म्हणाला.

"आधी सगळ्यांसमोर सांगा, सुदेश प्यायला नव्हता."

"सोड ना रे आता."

"ओरडलात सगळ्यांसमोर, आणि मी सोडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सेफ्टी मीटिंगमध्ये, साठ माणसांपुढे, सुदेशने ती चिठ्ठी स्वतःच वाचली. वॉचमन त्याला बाहेर काढायला आला, तर गवंडी आडवे उभे राहिले. शेवटी सुपरवायझर पुटपुटला, "चूक झाली." सुदेशने ते ऐकलं आणि निघून आला. आता तो माजिवड्याच्या साईटवर क्रेन चालवतो.

बंटी एकदा घरी आलेला. "नोकरी जाईल म्हणून घाबरलेलो रे."

"'हा पीत नाही,' एवढंच बोलायचं होतं तुला," सुदेश म्हणाला आणि दार लावून घेतलं.

"चुकतो माणूस," बायको वैशाली म्हणाली.

"चुकू दे. मी नाही विसरणार."