क्वालिटीवाल्याचं बटर आणि अक्काचा डबा

मागच्या रविवारी जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात मी बटरच्या फ्रीजसमोर चांगली वीस मिनिटं उभा होतो. दार उघडं राहिल्यामुळे फ्रीज सारखा टीं टीं करत होता आणि सिक्युरिटीवाले काका माझ्याकडे संशयाने बघत होते... पण माझाही नाइलाज होता.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी माझी शुगर बॉर्डरवर आली. डाएटिशियन मॅडमनी पोळी, भाकरी, भात, साखर, सगळ्यावर काट मारली. त्याऐवजी अंडी, पनीर, भाज्या आणि रोज दोन चमचे चांगलं बटर असं लिहून दिलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुणी मला असा कागद देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तो दोनदा वाचला!

मग काय, त्याच दिवशी गाईचं चित्र असलेला भलामोठा पिवळा डबा घरी आणला. महिनाभर ऑम्लेटवर तेच, भाजीत तेच... मी स्वतःवर जाम खूश होतो.

त्या रविवारी सकाळी बायकोने, मनीषाने, चष्मा लावून डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "अहो, यात दूध कुठंय?"

खरंच नव्हतं. वनस्पती तेल, पाणी, रंग आणि बटरचा फ्लेवर. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवतो... आणि घरी महिनाभर तेल बटर समजून खात होतो. मनीषाचं हसणं दुपारपर्यंत थांबलं नाही.

म्हणून ती वीस मिनिटं. एकात मीठ जास्त, एकात वरून घातलेला रंग. शेवटी एक परदेशी पाकीट हातात आलं. त्यावर हिरवंगार कुरण होतं आणि 'फक्त गवत खाणाऱ्या गाईंच्या दुधाचं' असं मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. मला हसू आलं. आणि लगेच अक्काच्या म्हशी आठवल्या... मग हसू काही टिकलं नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. सोयगावजवळ शेतावर राहते, दारात दोन म्हशी. आई गेल्यावर तिनेच माझं सगळं केलं. पूर्वी ती दर महिन्याला एसटीने यायची आणि येताना स्टीलच्या डब्यात, पाण्यात ठेवलेला लोण्याचा गोळा आणायची.

सहा वर्षांपूर्वी माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला, त्याच दिवशी ती आली होती. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "अक्का, हे विष पुन्हा घरात आणू नको."

जाताना ती भरलेला डबा तसाच पिशवीत घालून घेऊन गेली. पुढे ती येत राहिली, शेंगदाणे आणायची, शेवगा आणायची... लोणी कधीच नाही. मीही विषय काढला नाही. मला लाज वाटत होती, हे आज सरळ सांगतो.

परदेशी पाकीट परत ठेवलं आणि पार्किंगमधूनच तिला फोन लावला. डाएट, तेल, डबा, सगळं सांगून झालं. ती हळूच म्हणाली, "मग आता ते विष नाय का, बापू?"

"चुकलं अक्का. तेव्हाच चुकलं होतं."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे पाच दिवस तिचा फोन नाही. मीही लावला नाही, हिंमतच झाली नाही.

काल सकाळी बेल वाजली. दारात अक्का! फडक्यात बांधलेला डबा आणि झाकणावर कोळशाचा एक तुकडा. पांढरी वस्तू वाटेने न्यायची तर नजर लागू नये म्हणून. कंपनीत असा काळा कण दिसला असता तर मी आरडाओरडा केला असता... काल मात्र तो उचलून जपून खिडकीत ठेवला.

"भाकर कुठंय?" तिने आल्या आल्या विचारलं. भाकरी बंद आहे म्हटल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग लोणी काय बोटाला लावून खातो व्हय?" मग तिनेच गॅसवर वांगी भाजली, हिरवी मिरची ठेचून भरीत केलं आणि वर लोणी सोडलं. मॅडमचे दोन चमचे मोजायला मनीषा शेजारीच उभी होती. त्या दोन चमच्यांत जे होतं, ते त्या पिवळ्या डब्यात महिनाभर सापडलं नव्हतं.

दुपारी डबा मी घासायला घेतला, तेव्हा बुडाशी ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं नाव दिसलं... बापू. माझ्या लोण्याचा डबा इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून तिने भांड्याच्या दुकानातून ते घालून घेतलं होतं. मी विचारलं, मधल्या वर्षांत काय ठेवायचीस यात?

"काय ठिवनार? तुझं नाव हाय त्याच्यावर. फळीवर रिकामाच होता."

मी नळ सुरू ठेवून बराच वेळ तो डबा घासत बसलो...

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. पण घरात साखरच नाही! अक्का निघताना मनीषाने डब्यात बदाम भरले. अक्काने झाकण उघडून बघितलं, हसली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात आनते."

शुगर किती उतरली ते पुढच्या महिन्यात कळेल. आज मात्र अक्काच्या फळीवरचा तो डबा रिकामा नाही, एवढ्यानेच मला लई बरं वाटतंय.