महालातला कॉम्प्युटर-बडग्या

नागपूरला निघालेला मी अजनीलाच उतरलो. माझ्या आखणीप्रमाणे त्या वेळी नागपूर यायला हवं होतं. गाडी थांबली, मी घड्याळ पाहिलं आणि बॅग घेऊन खाली आलो. स्टेशनची पाटी वाचायची असते, हे गाडी हलल्यावर सुचलं.

बाहेर एका सायकलरिक्षावाल्याने माझा टाय आणि काखेतली कागदाची लांबलचक गुंडाळी न्याहाळली.

"काहून उतरले जी इथं? नागपूर तं पुढं हाय."

"गाडी उशिरा धावत होती," मी म्हणालो.

"गाडीले उशीर झाला तं तुमी कायले घाई केली?"

मी बॅग उचलून रिक्षात बसलो.

माझा धंदा तेव्हा नवा होता. एखाद्या कारखान्यात कॉम्प्युटर बसवायचा तर कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणी आणि कधी करायचं हे आखून द्यायचं आणि ते पार पडेपर्यंत सगळ्यांच्या मागे लागायचं. पुण्यात आमच्या आळीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो असा समज होता. प्रत्यक्षात मला घरचा पंखाही दुरुस्त करता येत नव्हता. काखेतली गुंडाळी म्हणजे माझी आखणी. कामांच्या आडव्या पट्ट्या, रंगीत पेन्सिलींनी भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी जीपने कळमेश्वरला गेलो. पावसाने धुतलेली संत्र्याची झाडं, काळी जमीन, मधूनच रस्ता अडवून शांतपणे उभे असलेले बैल. त्यांची शिंगं ताजी रंगवलेली होती. छान दिसतात, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

कारखान्याचे मॅनेजर बोकारे गोरेपान, घाबरट आणि अतिशय प्रेमळ होते. मालक मुंबईला असत. त्या शेठजींनी मी निघण्यापूर्वी मला खासगीत सांगितलं होतं, "मशीन आल्यावर स्टोअरचे किती कारकून कमी करता येतील, तेवढं अहवालात लिहा." स्टोअरमध्ये चौघे कारकून होते. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण मी आत शिरताच चौघांनी ज्या नजरेने माझ्या गुंडाळीकडे पाहिलं, त्यावरून सांगायची गरज नसावी.

मी आखणी भिंतीवर लावली आणि मशीन सुरू करायच्या दिवसावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी कोणी येत नाही, साहेब," बोकारे हळूच म्हणाले. "पोळ्याची कर आहे, सणाचा दुसरा दिवस."

"पोळा बैलांचा. कारखान्यात बैल कुठे आहेत?"

चौघांतले वयाने मोठे पराते चष्मा पुसत म्हणाले, "बैल नाही जी. आमी हावोत ना."

सगळे हसले. मीही हसलो, पण पट्टी पुढे सरकवावी लागली. जेवणाच्या सुट्टीत पराते जवळ आले. "करीच्या दिवशी नागपुरात आमच्या महाल भागात या. मारबत पाहा, मंग आमच्या घरी जेवा. पुण्यात असं भेटणार नाही."

गेलो. महालाच्या गल्ल्या माणसांनी तुडुंब भरल्या होत्या. गच्च्यांवर बायका, खांबांवर माणसं. आधी मारबती आल्या, म्हणजे बायकांचे प्रचंड पुतळे, काळी आणि पिवळी, गाड्यांवर उभ्या, घरांच्या पहिल्या मजल्याला भिडतील एवढ्या. लोक ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" मागून बडगे येत होते. बडग्या म्हणजे कागद-चिंध्यांचा पुतळा. त्या वर्षी लोकांना ज्याचा ताप झाला असेल, त्याचा करायचा, गावभर मिरवायचा आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचा. महागाईचा बडग्या गेला, तुंबलेल्या गटारांचा गेला. आणि मग एक खोकं आलं. खोक्याला निळ्या कागदाची काच, खाली दोन पाय, गळ्यात टाय आणि काखेत गुंडाळी.

"कॉम्प्युटरले घेऊन जाय गे मारबत!"

शेजारच्या ओट्यावरच्या म्हातारीने आधी बडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा तं या पाहुण्यासारखाच दिसते वं," ती सुनेला म्हणाली.

टाय मी हॉटेलवर ठेवून आलो होतो, तरी दुरुस्तीला काढून आणलेल्या काखेतल्या गुंडाळीने ओळख पटली. बरोबर आलेले पराते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे बघतच होते. मी हसलो. दुसरं काय करणार, आपली मिरवणूक रोज निघत नाही.

घरी परातेवहिनींनी सावजी मटण वाढलं. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. "रस्सा घ्या ना जी, लाजता काहून?" म्हणत त्यांनी वाटी पुन्हा भरली. मी डोळे पुसत होतो, तेवढ्यात परातेंनी विचारलं, "साहेब, माही खुर्ची राहीन का?"

माझ्याकडे तयार उत्तर होतं, ते दिलं. "ते शेठजी ठरवतील."

"हाव. आमच्या बाबालेबी असंच म्हणलं होतं कोणीतरी," ते म्हणाले. "घरी हातमाग होता. उमरेडपर्यंत आमची लुगडी जात. मिलच्या कापडानं तो माग खाल्ला. म्हणून मले शिकवलं, म्हणे तू टेबलावर बस. आता हा डब्बा टेबल खाईन, तं म्या पोरायले कुठं बसवू?"

वहिनी वाढता वाढता थांबल्या. माझ्या आखणीत मशीन उतरवण्याची पट्टी होती, वायरिंगची होती, एअरकंडिशनरचीही होती. या प्रश्नासाठी नव्हती.

सकाळी मी बोकारेंना सांगितलं, "कमी करायचा आकडा मी लिहिणार नाही. चौघांचं काय होणार हे त्यांना कळल्याशिवाय मशीनही सुरू करणार नाही."

बोकारेंनी मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि फोन निखाऱ्यासारखा माझ्या हातात दिला.

"तुम्हाला मशीनसाठी पाठवलंय, माणसांसाठी नाही," शेठजी म्हणाले.

"मशीनमध्ये मालाच्या नोंदी कोण भरणार, शेठजी? ज्यांना मशीन नको आहे, तेच. त्यांनी दोन महिने नुसतं सावकाश काम केलं, तरी तुमचं यंत्र शोभेचं होईल."

हे काम हातचं जाणार, अशी माझी खात्री झाली होती.

"चौघेही राहू देत," पलीकडून आवाज आला. "पण शिकले पाहिजेत. बोकारेंना तसं पत्र टाकतो."

बोकारेंनी स्टोअरमध्ये जाऊन स्वतः सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पराते खाली बसले, मग उठले, खुर्ची उगाचच थोडी सरळ केली आणि माझ्याकडे वळले.

"हे पयल्याच दिवशी सांगतलं असतं, तं बडग्याले टाय नसता घातला."

"तुम्ही घातला?"

"नाही जी. मी निस्ती गाठ मारून देली."

मशीन सुरू झालं. परातेंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि एका बोटाने, घाम गाळत, पहिल्या बेअरिंगचं नाव भरलं. आखणीप्रमाणे आम्ही चांगलेच मागे पडलो होतो. तरी परतीच्या गाडीत मला मोठी मोहीम जिंकून आल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. शेठजींना दिलेलं उत्तर तर दोनदा सांगितलं. ती संत्री सोलत शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हणजे 'तुमची नोकरी राहील' एवढं तुमच्याकडून काढून घ्यायला," ती म्हणाली, "बिचाऱ्यांना तुम्हाला आधी जाळावं लागलं."