जेवणानंतरची खिडकी

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. आमचे मॅनेजर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि नुसतंच म्हणाले, "सुमनताई, गॅस बारीक करा." मला वाटलं, काही करपलं. मी पातेल्यात बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं... आणि समजले. तरी फोडणी पूर्ण केली. पलीकडे पोरं ताटं घेऊन बसली होती, आणि काहीही होवो, त्यांचं जेवण उशिरा झालेलं सरांना कधी चाललं नव्हतं. जेवणं शांततेत झाली. सगळ्यांनी आपापली ताटं घासली आणि मग ज्याची मला भीती होती तेच झालं. नेहमीसारखी सगळी जणं माझ्या खिडकीपुढे रांग लावून उभी राहिली.

खडवलीला नदीच्या अंगाला आमचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. सदानंद सरांनी उभं केलेलं. मी तिथं स्वयंपाक करते. स्वयंपाकघराला अंगणाकडे उघडणारी एक खिडकी आहे आणि खिडकीच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात सिगरेटी असायच्या. सकाळच्या चहानंतर, दुपारच्या जेवणानंतर, रात्रीच्या जेवणानंतर एकेकाला एकेक, हा केंद्राचा नियम होता. गर्द म्हणजे ती ब्राऊन शुगर, दारू, गोळ्या, गेटच्या आत काही म्हणजे काही यायचं नाही. सिगरेट मात्र आम्हीच द्यायचो, माझ्या हातानं. सगळं एकदम काढून घेतलं तर माणूस भिंतीवरून उडी मारून पळेल, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, केंद्र चालवणाऱ्यांना नाही, घरच्यांना नाही आणि मलाही नाही. सर त्या रांगेत स्वतः उभे राहायचे, तेही सगळ्यांच्या शेवटी. मी म्हणायचे, "सर, तुम्ही कशाला रांगेत?" तर म्हणायचे, "अगं, मीही इथलाच पेशंट आहे. फक्त जुना."

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, ती सुटलीच. माझा धाकटा भाऊ संतोष कामासाठी कल्याणला आला, आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग बंदच. गावातल्या एकानं सांगितलं की तो विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागं पडलेला असतो. मी एक पिशवी घेऊन निघाले. मला इथलं काही माहीत नव्हतं, कुठल्या बाजूला उतरायचं तेही नाही. संतोष सापडला तेव्हा मी त्याला ओळखलं ते कानामागच्या डागावरून. लोकांना विचारत मी त्याला केंद्रात आणलं. सरांनी त्याला ठेवून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही कुठं राहणार?" मी हातातल्या पिशवीकडे बघितलं. ते म्हणाले, "भाकरी चांगली करता का?" आमच्या हिंगोलीकडच्या बाईला असं विचारायचं नसतं, पण मी 'हो' म्हणाले. त्या एका प्रश्नावर माझं इथलं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी कधी विसरणार नाही.

सर डोंबिवलीचे, शिकलेल्या नोकरदार घरातले. बोलणं इतकं शुद्ध की सुरुवातीला मला त्यांच्यापुढे तोंड उघडायची भीती वाटायची. बँकेत होते आणि तिथंच असताना गर्दच्या नादी लागले. नोकरी गेली, घरातली भांडी विकून झाली, आईनं देवातली समईसुद्धा शेजाऱ्यांकडे लपवली होती. हे सगळं ते नव्या पोरांना हसत सांगायचे. मग म्हणायचे, "गर्द सुटला. मीही सुटलो, तुम्हीही सुटाल." संतोष अंथरुणात हातपाय झाडायचा, उलट्या करायचा, मला शिव्या द्यायचा, तेव्हा सर त्याच्याजवळ बसून राहायचे. ते दिवस सरले. हळूहळू संतोष जेवायला लागला, बागेतलं काम बघायला लागला, पुढे केंद्राची गाडी चालवायला लागला. आणि रोज जेवण झालं की माझ्या खिडकीपुढे.

सरांचा गर्द सोडल्याचा दिवस आम्ही दरवर्षी वाढदिवसासारखा करायचो. केक कापायचा, टाळ्या वाजवायच्या, आणि मग सर बाहेर करंजाच्या झाडाखाली जाऊन एक शिलगवायचे. एका वर्षी उल्हासनगरचा एक रिक्षावाला नवीन आलेला. तो मोठ्यानं म्हणाला, "काका, केक कशाचा कापला? धूर तर अजून चालूच ए." सगळे हसले. सरच सगळ्यात जास्त हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मी पाणी घेऊन धावले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी त्या रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बरोबर विचारलंस. याचं उत्तर मला येत नाही."

त्यानंतर त्यांनी सिगरेट सोडायचा ध्यासच घेतला. सोडायचे, धरायचे, परत सोडायचे. ज्या माणसानं गर्दला पाठ दाखवायला लावली, तो माणूस चहाचा कप हातात आला की कासावीस होऊन खिसे चाचपायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, गर्द मोठा की सिगरेट?" त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सुमन, माणसाला किती लवकर आडवं पाडलं, त्यात गर्द मोठा. त्याला तोड नाही. पण किती घट्ट धरलं, हे वेगळं मोजावं लागतं. गर्दसाठी मला विठ्ठलवाडीच्या त्या गल्लीत जावं लागायचं. ती गल्ली सोडली, ती माणसं सोडली, अर्धं काम झालं. सिगरेटसाठी कुठं जावं लागतं? ती दवाखान्याच्या गेटसमोर मिळते. ती चहात आहे, फोनच्या रिंगमध्ये आहे, जेवणानंतरच्या ढेकरात आहे. आता चहा सोडू, की जेवण?" वर म्हणाले, "आणि गर्द सोडत होतो तेव्हा सगळं घर माझ्यामागं उभं होतं. सिगरेट सोडायला निघालो तर लोक म्हणतात, अरे, एवढी तरी राहू दे."

शेवटी छाती पार बिघडली. ठाण्याला खोपटजवळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. संतोषनं मला गाडीतून नेलं, पण वर आला नाही. "मला नाही बघवत," म्हणाला. मी एकटीच गेले. सरांच्या नाकाला नळी होती, आवाज म्हणजे नुसता वारा. मला बघून त्यांनी दोन बोटं ओठांपाशी नेली. मागत होते... मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि परत बोटं ओठांपाशी नेली. मी त्यांचा हात धरून ठेवला. एरवी मी सरांना कधी हात लावला नव्हता. काही वेळानं बोटं सैल पडली आणि ते ओळखीचं हसले. "बघ," म्हणाले, "गेली तलफ. तू फक्त उभी होतीस."

मग एकेक शब्द जोडत म्हणाले, "डबा बंद कर. मॅनेजरांशी, डॉक्टरांशी बोललोय." मी म्हणाले, "सर, संतोषला नाही दिली आणि तो परत गर्दकडे गेला तर?" हीच भीती घेऊन मी इतकी वर्षं तो डबा उघडत आले होते. सरांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "माझ्या आईलाही हेच वाटायचं. मी गर्द सोडत होतो तेव्हा लाडवांच्या डब्याबरोबर सिगरेटची पाकिटं स्वतः पाठवायची. म्हणायची, तेवढंच ओढतोय ना, ओढू दे... सुमन, तिनं मायेनंच दिली गं." पुढे म्हणाले, "खिडकी मात्र बंद करू नकोस. मागायला येऊ देत. दूध वर आलं की तू काय करतेस?" मी म्हणाले, "फुंकर मारते." "तेवढंच," ते म्हणाले. "तिथून हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर मी डबा रिकामा केला. म्हणून सर गेले त्या दुपारी, फोडणीचा वास अजून स्वयंपाकघरात असताना, मी खिडकी उघडली. रांगेत पहिला संतोष होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "ताई, डबा?"

"आहे. रिकामा आहे."

"आज तरी दे ना. आज सर गेलेत."

"म्हणूनच नाही."

"मग खिडकी कशाला उघडलीस?"

"तू उभा राहशील म्हणून."

तो रागानं बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "ए, पुढं सरक ना, भाई." संतोष सरकला नाही. मी फळीची कडा धरून ठेवली. गेटकडे बघायची मला हिंमत नव्हती, कारण तो गेटकडे बघत होता. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं फळीवर कोपर टेकलं आणि विचारलं, "सर दवाखान्यात काय बोलले शेवटी?" मी सांगायला लागले. मागचे जवळ आले. सांगून संपलं तेव्हा रांग राहिली नव्हती, सगळी खिडकीभोवती गोळा झाली होती.

याला आता काही आठवडे झाले. सगळं सोपं झालं असं मी लिहिणार नाही. डॉक्टर ज्यांना लागेल त्यांना सिगरेटची तलफ मारायला चघळायची गोळी देतात. दोघं पोरं केंद्र सोडून गेली, त्यांचा घोर मला लागलेला आहे. संतोषनं एकदा गावातल्या टपरीवर जाऊन ओढली आणि येऊन मला सांगितलं. मी म्हणाले, "बरं. संध्याकाळी खिडकीवर ये." तो आला.

पत्र्याचा डबा अजून फळीवरच आहे, झाकण उघडं ठेवलेला, आत काही नाही ते सगळ्यांना दिसावं म्हणून. जेवणं झाली की मी हात पुसते आणि खिडकी उघडते. पोरं येतात, कुरकुरतात, एकमेकांची चेष्टा करतात, थोड्या वेळानं पांगतात. सगळे गेले तरी मी लगेच खिडकी लावत नाही. रांगेतला शेवटचा नंबर सरांचा असायचा. त्यांची तलफ जाईपर्यंत मी तिथं उभी राहते.