मिस्त्रींचं तेलाचं फडकं

कांद्याची गाडी सातपूरच्या आमच्या गॅरेजात आली की काम संपल्यावर मिस्त्री एक शेवटचा सोपस्कार करायचे. जुन्या धोतराचा तुकडा इंजिन ऑइलमध्ये भिजवायचा, पिळायचा आणि एअर फिल्टरला गुंडाळायचा. कांद्याची टरफलं, रस्त्याचा फुफाटा सगळं त्यावर अडकायचं आणि इंजिन वाचायचं. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हापासून हे बघत होतो. त्या फडक्यामुळे पार चांदवडपर्यंत त्यांचं नाव होतं.

पुढे नव्या डिझेल पिकअप आल्या. धूर कमी व्हावा म्हणून त्यांच्यात आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर असायचा. तो बिघडला की समोर पिवळा दिवा लागायचा. मिस्त्रींना त्या दिव्याचा भारी राग. "गाडी बोलती तेवढं पुरं हाय, दिवा कशाला पाहिजे?" असं म्हणायचे. गाडीला जोडून बिघाड वाचायचा स्कॅनर मी शिकून घेतला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज आला होता.

चांदवडच्या एका कांदेवाल्याची पिकअप नवी असल्यापासून आमच्याकडेच सर्व्हिसिंगला यायची. एका हिवाळ्यात ती त्या दिव्यापायी तीनदा आली. स्कॅनर दरवेळी हवेच्या सेन्सरकडेच बोट दाखवायचा. पहिल्यांदा मी सेन्सर बदलला. दुसऱ्यांदा पुन्हा बदलला, वायरिंग तपासलं, पाइप सोडवून पाहिले. गाडी ठणठणीत होऊन जायची आणि पंधरा दिवसांत काळा धूर ओकत परत यायची. तिसऱ्यांदा मालक दारातूनच ओरडला, "जमत नसंल तर सांगा ना! भर चढाला गाडी दमच धरत नाय. मागून ट्रक येतो, जीव जायचा एखाद्या दिवशी!" गॅरेजात आणखी चार गिऱ्हाइकं होती. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण स्कॅनरवाला मीच.

मी सेन्सर काढून उजेडात धरला. हवा मोजणाऱ्या आतल्या बारीक तारेवर तेलाचा थर होता. तेल इथे आलं कुठून? मी फिल्टरकडे पाहिलं. फडकं ओलसर चकाकत होतं. दोन्ही वेळा गाडी दुरुस्त झाल्यावर मिस्त्रींनी ते माझ्या डोळ्यांदेखत बांधलं होतं, आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. पण त्या क्षणी मला फक्त स्वतःची अब्रू वाचवायची होती.

"माझी चूक नाहीये," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मिस्त्रींच्या फडक्याचं तेल आहे हे. सगळे सेन्सर त्यानेच खाल्ले."

कोणीतरी हसलं. मिस्त्री पुढे आले. सेन्सर हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग फडकं सोडलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. "चूक माझी हाय," ते मालकाला म्हणाले. संध्याकाळी हात धुताना मला एवढंच म्हणाले, "मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस रे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माफी मागायला तोंड उघडलं नाही.

नवा सेन्सर बसवला, फडकं बांधलं नाही, आणि त्या पिकअपचा दिवा पुन्हा कधी लागला नाही.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक जुना टेम्पो आला. असल्याच टेम्पोंवर मिस्त्रींनी मला काम शिकवलं होतं. ते बॉनेटपाशी गेले, थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उघडू का?"

मला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून मी हसलो. पण ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.